गालिच्याची मागची बाजू



आपल्या महिला मंडळात सध्या घराच्या सजावटीचा विषय निघाला की गालिच्यापाशी येऊन थांबतो. सांगलीत माझ्या भाचीचे नवे घर होते आहे, तिलाही दिवाणखान्यात हाताने गाठी मारलेला गालिचा हवा आहे, आणि जुना मिळाला तर फारच उत्तम. तिने मला फोनवर विचारले, "मावशी, आपल्याला हे चालते का?" साधा प्रश्न होता, पण उत्तर शोधता शोधता मी आपल्याच भागाच्या इतिहासात शिरले. जे सापडले ते तुम्हा सर्वांपुढे ठेवते.

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत गालिचा नव्हता. बैठकीला सतरंजी, लग्नकार्याला जाजम आणि थंडीला घोंगडी. माण-खटाव, जत, आटपाडी हा कमी पावसाचा पट्टा, म्हणून तिथे मेंढपाळ धनगर आणि लोकर विणणारे सणगर यांची वस्ती. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर वर्षातून दोनदा कातरायची, तिचे सूत काढायचे, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्डामागावर घोंगडी विणायची, अशी ही पद्धत. म्हसवडची घोंगडी आजही नावाजलेली आहे. घोंगडी आणि सतरंजी सपाट विणीच्या असतात. गालिच्याचे तसे नाही. त्यात उभ्या ताण्याच्या दोन दोन धाग्यांभोवती लोकरीचा एकेक तुकडा गुंडाळून गाठ मारतात, वर बाणा ठोकतात आणि मग लव एकसारखी कापतात. सगळी नक्षी म्हणजे अशा गाठींची रांग.

ही गाठीची विद्या आपल्यापासून फार लांब नव्हती. जत ओलांडले की विजापूर लागते. तिथला असर महाल मुहम्मद आदिलशहाने १६४६ च्या सुमारास बांधला. त्या महालात सतराव्या शतकातले गालिचे जपून ठेवलेले होते. आता ते गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. आपल्यापैकी अनेकजणी विजापूरला गेल्या असतील. घुमटातला प्रतिध्वनी ऐकून आपण परत फिरतो आणि संग्रहालय राहून जाते. पुढच्या वेळी तिथेही थोडे थांबा.

या विजापुरी गालिच्यांचे नमुने पुढे पुण्याला गेले, तेही एका तुरुंगात. १८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे हिंदुस्थानातले गालिचे पाहून युरोपात त्यांची मागणी वाढली. गालिच्याला लागतो वेळ आणि लागतात खूप हात. सरकारकडे दोन्ही फुकट उपलब्ध होते, कारण लांब मुदतीचे कैदी कुठे जाणार नव्हते. आग्रा, लाहोर, जयपूर, बिकानेर आणि आपल्याकडे पुण्याचे येरवडा अशा तुरुंगांत गालिच्यांचे माग लागले. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. तिथल्या कैद्यांनी असर महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या. आदिलशाही दरबाराची नक्षी, विणणारा सक्तमजुरीचा कैदी आणि पाय ठेवणारा इंग्रज साहेब, असा तो प्रवास.

या तुरुंगी कामाची मजल कुठवर गेली पाहा. आग्र्याच्या तुरुंगात १८९३-९४ च्या सुमारास व्हिक्टोरिया राणीसाठी एक प्रचंड अखंड गालिचा विणला गेला. तो विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनात आजही अंथरलेला असतो. १९९२ साली त्या राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला सैनिकांची मोठी तुकडी लागली, इतके त्याचे वजन. त्याआधी १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागीर म्हणून जी माणसे लोकांना दाखवली गेली, तीसुद्धा आग्र्याच्या तुरुंगातून आणलेली होती. त्यांच्यात रामलाल नावाचा सुमारे नऊ वर्षांचा गालिचे विणणारा मुलगा होता. रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने राणीसाठी काढलेले त्याचे चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. नऊ वर्षांचा म्हणजे आपल्याकडच्या तिसरी-चौथीतल्या मुलाएवढा. त्याच्या बोटांना गाठ मारता येत होती, एवढ्यासाठी जगाने त्याला पाहिले.

या पद्धतीवर त्या काळीही टीका झाली. हिंदी कलांचे अभ्यासक जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० सालच्या आपल्या ग्रंथात तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक लिहिले. फुकटच्या मजुरीमुळे बाहेरच्या स्वतंत्र विणकराचा धंदा बुडतो आणि कलेची प्रतही घसरते, अशी त्यांची तक्रार होती. कैद्याच्या मनाचा विचार मात्र त्या टीकेत फारसा दिसत नाही.

तो विचार कृतीत आणला गेला तो आपल्याच भागात. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेडी नाही, कैदी कुटुंबासह राहून शेती करतो. १९५७ चा व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा लिहिली आपल्या ग. दि. माडगूळकरांनी. हात कैद्याचेच, पण येरवड्यात आणि स्वतंत्रपुरात त्या हातांकडे पाहण्याची दृष्टी किती वेगळी होती! गालिचा निवडताना मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

आपण अहिंसेचा विचार करतो तेव्हा पहिला प्रश्न येतो रेशमाचा, आणि तो रास्त आहे. कोश उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आतला जीव जिवंत असतो. एका रेशमी गालिच्यामागे असे हजारो जीव. त्यामुळे रेशमी गालिचा आपल्या घरात नको, यावर दुमत नसावे. पण नुसते "रेशीम नाही ना?" विचारून भागत नाही.

लोकरीचे पाहू. श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा आणि कांबळी लोकरीची असते. दिगंबर मुनी वस्त्रच ठेवत नाहीत, त्यांच्या हाती मोराने आपोआप गाळलेल्या पिसांची पिच्छी असते. म्हणजे जिवाला न दुखवता मिळालेली वस्तू, हे सूत्र दोन्हीकडे एकच. लोकर कातरलेली असेल तर मेंढी जिवंत राहते. पण बाजारात कत्तल झालेल्या मेंढीच्या कातड्यावरून चुना लावून उतरवलेली लोकरही येते आणि स्वस्त गालिच्यांत ती मिसळतात. ती निस्तेज आणि ठिसूळ असते, तिची लव लवकर झडते. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "लोकर कातरलेली आहे की कातड्यावरची?" त्याला उत्तर माहीत नसेल, तर त्यावरूनही काय ते समजावे.

मग रंग. "नैसर्गिक रंग" ही चिठ्ठी पाहून आपण निश्चिंत होतो. मंजिष्ठा, नीळ, हळद, डाळिंबाची साल हे वनस्पतीचे रंग. पण लाखेचा लाल रंग लाखेच्या किड्यापासून येतो आणि कोचिनीलचा निवडुंगावरच्या किड्यापासून. मुघल काळातल्या गालिच्यांचा तो सुंदर लाल बहुधा लाखेचाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले. त्यांतले सुरुवातीचे लवकर विटत, पण त्यांत किडा नव्हता. तेव्हा लाल रंग कशाचा, हेही विचारावे.

आणि हात. दोन गालिचे शेजारी ठेवून उलटे करा. खऱ्या गाठीच्या गालिच्याची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते, प्रत्येक गाठ मोजता येते, आणि टोकाच्या दशा हे ताण्याचेच धागे असतात. मागे कापड चिकटवलेले असेल तर ते यंत्राच्या पिचकारीने लोकर खुपसून डिंकाने बसवलेले काम आहे. तेही वाईट नाही, पण गाठीच्या भावाने घेऊ नये. आता हिशेब करा. सहा बाय नऊ फुटांचा गालिचा, चौरस इंचाला १०० गाठी, म्हणजे एकूण ७,७७,६०० गाठी. सराईत विणकर दिवसाला आठ हजारांच्या आसपास गाठी मारतो असे धरले, तरी एका माणसाचे ९७ दिवस झाले. त्यात लोकर धुणे, रंगवणे, कापणे धरलेलेच नाही. असा गालिचा कोणी अगदी मामुली किमतीला देत असेल, तर फरक कोणाच्या तरी पोटातून गेलेला असतो.

रामलालसारखी मुले मागावर बसण्याचे पुढेही थांबले नाही. भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यातली बालमजुरी विसाव्या शतकाच्या अखेरीस जगापुढे आली. कैलाश सत्यार्थी यांच्या प्रयत्नांतून १९९४ साली रगमार्क ही खूण सुरू झाली, तिचेच नाव आता गुडवीव्ह आहे. नवा गालिचा घेताना अशी खूण आहे का ते पाहावे. जुन्या गालिच्यावर खूण नसते. तिथे तो कुठला, केव्हाचा, कोणी विणलेला असावा, एवढे विचारता येते. जुनी वस्तू घेतल्याने नवी हिंसा होत नाही, हा युक्तिवाद मला पटतो. पण जुनी म्हणून ती आपोआप निर्दोष ठरत नाही. तुरुंगातला गालिचा घरात आणला, तर तो कोणाच्या हातचा हे लेकरांना सांगावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

घरात आल्यावरची जयणाही महत्त्वाची. दाट लवेत मुंग्या, बारीक जीव अडकतात आणि पावसाळ्यात लोकरीला कसर लागते. कसर लागल्यावर मारायची वेळ येऊ न देणे हीच खरी अहिंसा. म्हणून चातुर्मासाआधी गालिचा उन्हात घालून हलक्या हाताने झटकावा, पूर्ण कोरडा झाल्यावर सुती चादरीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळावा आणि जमिनीपासून उंच ठेवावा. ते चार महिने सतरंजीवर बसावे. परिग्रहाचे परिमाण केलेल्या बहिणींना तर मोजणीही सोपी जाते, एक गालिचा, एक सतरंजी, बस्स.

भाचीला मी हेच सगळे सांगितले. तिने रेशीम मिसळलेला एक जुना गालिचा सोडून दिला आहे आणि कातरलेल्या लोकरीचा, नीळ-मंजिष्ठेत रंगवलेला मध्यम आकाराचा एक पाहून ठेवला आहे. किंमत जास्त आहे, म्हणून वर्षभर थांबून घेणार म्हणते. तोवर आजीच्या ट्रंकेतली सतरंजी दिवाणखान्यात अंथरली आहे, आणि ती तिथे छान शोभते आहे.