मालेगावचा शुक्रवार

मालेगावात यंत्रमागांची सुटी शुक्रवारी. आठवडाभरचा खडखडाट थांबतो, जुम्म्याची नमाज होते आणि माणसं सिनेमाकडे वळतात. या सुटीच्या जोरावर तिथे एक आगळा चित्रव्यवसाय उभा राहिला.

नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. इतरांचे सिनेमे दाखवता दाखवता ते कापायला-जोडायला शिकले आणि २००० साली मित्रांना घेऊन त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. उंचावरून चित्रण हवे, तर बैलगाडीचीच क्रेन! ज्याच्याकडे जे होते, ते त्याने आणले. मी शब्दांचा माणूस. म्हणून लेखक फरोग जाफरी यांचे नाव इथे मुद्दाम घेतो. एरवी ते कोण घेतो?

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला. यंत्रमाग कामगार शफीक शेख त्यातला नायक. २०१२ मध्ये तो माहितीपट चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक हयात नव्हता.

मग यूट्यूब आले. शफीक नाट्या यांचा ‘छोटू दादा’ कोट्यवधी वेळा पाहिला गेला. पार्लरच्या दारातला तिकिटाचा हिशेब सगळ्या गल्लीला दिसायचा. यूट्यूबचे पैसे मात्र खातेदाराकडे जातात. कपडे शिवणारा, सायकल देणारा यांची वाटणी त्याच्या मर्जीवर.

आमच्या धाराशिवकडेही चार पोरं जमून मोबाइलवर गोष्टी चित्रित करतात. मी त्यांना आधी एवढंच विचारतो : बाबांनो, खातं कुणाच्या नावावर?