"काय काम करता?" – डॉक्टरच्या टेबलावर न विचारलेला प्रश्न

"काय काम करता?" हा प्रश्न आपल्या देशात कोण कोणाला विचारत नाही? खोली भाड्याने बघायला गेलो की घरमालक विचारतो. सोयरिकीच्या बैठकीत विचारतात. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो, आणि आपल्या कामावरून अंदाज आला नाही तर वडिलांचे काम विचारतो. त्याला काय जाणून घ्यायचे आहे ते त्यालाही माहीत असते आणि आपल्यालाही. पण ज्या एका ठिकाणी हा प्रश्न विचारल्याने माणसाचा जीव वाचू शकतो, त्या डॉक्टरच्या टेबलावर मात्र तो विचारला जात नाही.

भोसरी, चिंचवड, चाकणच्या वस्त्यांत काम करताना आम्ही जे केस पेपर पाहतो, त्यांत नाव असते, वय असते, खोकला किती दिवसांचा ते असते. 'व्यवसाय' या रकान्यात एक तर काहीच नसते, नाही तर 'मजुरी' एवढा एक शब्द असतो. फाउंड्रीत साचा फोडून गरम वाळू झाडणारा मजूर, कास्टिंगला ग्राइंडर मारणारा मजूर, प्लेटिंगच्या टाकीवर उभा राहणारा मजूर, पेंट शॉपमध्ये स्प्रे गन धरणारा मजूर. या चौघांचे आजार वेगळे, त्यांची लक्षणे वेगळी, त्यांना लागू होणारी भरपाईची कलमे वेगळी. 'मजुरी' लिहिले की सगळे एकाच खोकल्यात बुडाले.

हा प्रश्न निदानाच्या शास्त्रात आला कुठून, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे, कारण तो कोणा राजवैद्याच्या पोथीतून आलेला नाही. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घराचा मैल्याचा खड्डा उपसायला एक कामगार आला. तो इतक्या घाईने का उपसतो आहे, असे रामाझिनीने त्याला विचारले. कामगाराने डोळे वर करून उत्तर दिले. या खड्ड्यात जास्त वेळ थांबले तर माणूस आंधळा होतो, असे त्याचे म्हणणे होते. डॉक्टरने त्याचे डोळे तपासले, ते लाल झालेले होते. मग त्याने शहरातले असे इतर कामगार पाहिले. कोणी अर्धवट आंधळे, कोणी पूर्ण. त्यांच्या खिशातली नाणीसुद्धा काळी पडायची, हेही त्याने टिपले. मैल्यातून निघणारा जो वायू डोळे जाळतो तोच धातू काळवंडवतो, हे रसायनशास्त्राला पुढे कळले. रामाझिनीने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्य जे प्रश्न रोग्याला विचारत आले होते त्यांत एकाची भर घातली: तुझे काम काय?

म्हणजे व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा उगम मैला उपसणाऱ्या माणसाच्या बोलण्यात आहे. हे काम पिढ्यान् पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले ते इथे सांगायची गरज नाही. या देशात शेकडो वर्षे ते करणाऱ्यांचे डोळे कोणा वैद्याने तपासायचे म्हटले तरी आधी स्पर्श करावा लागला असता!

जात आणि आजार यांची गाठ कारखान्यात सुटली, असे कोणी म्हणेल तर त्याने मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचावा. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. ही गोष्ट आपण मजुरीच्या अंगाने नेहमी सांगतो. ती आरोग्याच्या अंगानेही सांगायला हवी. कोण कोणत्या खात्यात उभा राहणार हे जातीने ठरले, की कोणाच्या छातीत काय जाणार हेही त्यातच ठरते.

कापसाच्या धुळीचा रोग म्हणजे बिसिनोसिस. त्याची खूण तपासणीपेक्षा रोग्याच्या सांगण्यात जास्त असते: सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडा पुढे सरकतो तसे हलके होते. इंग्लंडमध्ये तो दिवस सोमवार. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी बिसिनोसिस आणि नेहमीचा जुना दमा-खोकला एकमेकांपासून कसा ओळखायचा यावर अभ्यास केला, तो १९८१ मध्ये अमेरिकन नियतकालिकात छापून आला. पुढच्याच वर्षी गिरणी संप झाला आणि गिरण्या बंद पडत गेल्या.

सोमवारचा हा धडा आपल्या भागालाही लागू आहे, फक्त वार बदलून. आपल्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. पेंट शॉपमधल्या आयसोसायनेटमुळे होणारा दमा अनेकदा कामाच्या दिवसांत, विशेषतः रात्री घरी आल्यावर वाढतो आणि सुट्टीत कमी होतो. "गुरुवारी बरे वाटते का? गावाला गेल्यावर खोकला थांबतो का?" एवढे दोन प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. क्रोम प्लेटिंगवाल्याच्या नाकातला पडदा बघायला टॉर्च पुरतो, कारण क्रोमियमच्या वाफांनी त्याला भोक पडते. शिसे अंगात भिनलेल्याच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसू शकते. प्रेस शॉपमधल्या कामगाराचे कान मात्र ऑडिओमेट्रीशिवाय कळत नाहीत.

पण आपल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सिलिकोसिस आणि टीबी यांच्यात. फाउंड्रीच्या वाळूत सिलिका असते. तिचे अगदी बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथे गाठी होतात आणि फुप्फुस कडक होत जाते. सुरुवातीला जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो. स्टेथोस्कोपने कधी कधी काहीच सापडत नाही. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना, मुख्यतः वरच्या भागात, बारीक गोल ठिपके दिसतात. टीबीतही असे ठिपके दिसू शकतात. मग फरक कशाने पडतो? थुंकीच्या तपासणीने, आणि "किती वर्षे, कोणत्या धुळीत?" या प्रश्नाच्या उत्तराने. नुसत्या फिल्मवर सिलिकोसिस ठरत नाही. त्यात सिलिका गेलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून टीबीच्या गोळ्या कोणीही स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे आम्ही बजावून सांगतो.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशाचे पेनिसिलीन तिथे बनले, पुढे टीबीवरचे स्ट्रेप्टोमायसिनही. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आपली माणसे याच शहरात पोट भरायला आली. टीबीचे औषध बनवणाऱ्या गावात प्रत्येक जुना खोकला टीबीच ठरावा, हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण नाव बदलले की दोषी बदलतो. टीबी म्हटले की झोपडपट्टी दोषी, दारू दोषी, बिडी दोषी. सिलिकोसिस म्हटले की वाळू, पंखा, एक्झॉस्ट आणि मालक.

पैशांचा हिशेबही बदलतो. ईएसआयमध्ये टीबी हा दीर्घ आजार म्हणून धरला जातो आणि पगाराच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ मिळतो, पण त्याला कमाल दोन वर्षांची मर्यादा आहे. व्यवसायजन्य रोग मान्य झाला तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात अपंगत्वाची पेन्शन आयुष्यभर, आणि माणूस त्या रोगाने गेला तर आश्रितांना लाभ. एका शब्दाने बाईच्या घरची चूल पेटती राहते किंवा विझते.

मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी गुजरातमध्ये गोध्र्याकडे गारगोटीचे दगड दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि खोकत परत आले. गावात तोही टीबीच समजला गेला. अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, हा आदेश गुजरात सरकारला सर्वोच्च न्यायालयाकडून मिळायला २०१६ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतली कथा याहून निराळी नाही. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गोऱ्या खाणकामगाराला तपासणी आणि भरपाई होती, काळ्याला मात्र बहुतेक वेळा गावाकडचा रस्ता. तिथल्या ५ अब्ज रँडच्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली ती २०१९ मध्ये.

कायदा नव्हता म्हणून हे झाले का? १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. आरोग्य विम्याची योजना आखणारा प्रा. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच खात्याकडे आला, कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय १९४५ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाले. ईएसआय कायदा संमत झाला १९४८ मध्ये, तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. आपल्या भाषणांत हा तपशील गाळला जातो, तो गाळू नये. बाबासाहेबांचे काम त्याने कमी होत नाही. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ८९ ने तिसऱ्या अनुसूचीतला रोग आढळला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवणे बंधनकारक केले. ती अनुसूची २९ रोगांपर्यंत गेली. सिलिकोसिस तिच्यात आहे.

डॉक्टरांना शिव्या देऊन भागत नाही. ओपीडीत एका रोग्याला दोन मिनिटे मिळतात, हे आम्ही पाहतो. पण कळवायचे तेव्हा, जेव्हा निदान होईल. निदान तेव्हा, जेव्हा प्रश्न विचारला जाईल. पालीत 'निदान' या शब्दाचा अर्थच कारण असा आहे. प्रतीत्यसमुत्पादाची बारा निदाने आपण विहारात ऐकतो. रोगाला नाव दिले आणि कारण सोडून दिले, तर त्याला निदान म्हणता येत नाही.

आता नव्या संहितेत 'कारखाना' म्हणजे विजेवर चालणारी, २० किंवा जास्त कामगारांची जागा. मूळ कायद्यात हा आकडा १० होता. भोसरीच्या गाळ्यांत बारा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या शॉप किती आहेत ते मोजायला दूर जावे लागत नाही.

म्हणून वस्तीपातळीवर आम्ही एक साधे काम सुरू केले आहे आणि तुम्हीही करावे. दवाखान्यात जाण्याआधी वहीच्या एका पानावर लिहून काढायचे: कोणत्या साली, कोणत्या गाळ्यात, कोणत्या ठेकेदाराकडे, नेमके कोणते काम, कोणती धूळ किंवा वाफ, मास्क होता का, सुट्टीत बरे वाटते का, बरोबर काम करणाऱ्यांपैकी आणखी कोण खोकते. ते पान केस पेपरला जोडायचे आणि 'मजुरी'च्या जागी कामाचे नाव लिहायला सांगायचे. महिला मंडळातल्या ताई हे पान आमच्यापेक्षा चांगले भरून घेतात, कारण नवऱ्याने सोडलेले प्रत्येक काम त्यांना महिन्यासकट आठवते.

आणि कागद जपायचे. अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे ठेवायला सांगितल्या, कारण असे रोग उशिरा उगवतात. चाकणच्या ठेकेदाराकडे सात-सात महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या पोराची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार? जुने गेटपास, ईएसआयचा नंबर, पगाराची एखादी चिठ्ठी, बँकेच्या पासबुकातली ठेकेदाराच्या नावाची ओळ, हे सगळे एका पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, जातीच्या दाखल्याच्या शेजारी.