वस्तीत जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यावरचे आक्षेप

नगरनियोजनाच्या विद्यार्थ्यांनी स्वयंसेवी संस्थांसोबत वस्त्यांचे आराखडे करण्याविषयी जाणत्या वर्तुळांत एक मत पक्के होत चालले आहे. मुले एका सत्रापुरती वस्तीत जातात, नकाशे रंगवतात, गुण घेतात आणि निघून जातात. अंमलबजावणी शून्य. त्याच त्या प्रश्नांना उत्तरे देऊन रहिवासी विटतात. सोबतच्या संस्थेला फुकट मनुष्यबळ मिळते आणि तिचेच ठरलेले मत अहवालात उतरते. तेव्हा या शिकाऊ मुलांनी आधी शास्त्र शिकावे, लोकांकडे मग जावे. हे मत बहुधा वस्तीविषयीच्या कळकळीतूनच मांडले जाते. म्हणूनच ते मुद्द्यांनी खोडून काढले पाहिजे.

‘आधी शास्त्र, मग लोक’ हा क्रम कुठून आला? इतिहास तर उलटेच सांगतो. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आलेल्या नगरनियोजक पॅट्रिक गेडिस यांनी त्याआधी भारतातली अनेक शहरे पायी पालथी घातली होती, आणि आराखड्याआधी पाहणी हा दंडक घालून दिला होता. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली ती भायखळ्याच्या नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये, म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्याच जागेत. तिचा एक परिसर आज हैदराबादेत आहे. वर्ग आणि वस्ती यांची ही सोयरीक नवी नाही.

खुद्द हैदराबादचा पुरावा याहून जवळचा. तिथल्या महापालिकेने १९६७ मध्ये नागरी समुदाय विकासाचा प्रकल्प हाती घेतला. मोजके कार्यकर्ते बस्त्यांत, म्हणजे तिथल्या वस्त्यांत, जात, लोकांची मंडळे बांधत आणि गरजांचा क्रम लोकांनाच लावायला सांगत. पुढे जमिनीचे पट्टे आणि कर्ज हाती आल्यावर हजारो कुटुंबांनी आपली घरे स्वतः उभी केली. बस्तीशी बोलणे हा तिथे नियोजनाचा पाया होता.

शास्त्र जिथे अडते ती जागा बारकाईने पाहू. पाहणीच्या छापील अर्जात दोन चौकटी असतात: मालक आणि भाडेकरू. हैदराबादच्या जुन्या शहरात अशी असंख्य घरे आहेत, जी केवळ नोटरीच्या कागदावर विकत घेतलेली आहेत. पैसे पूर्ण मोजलेले, नोंदणी मात्र नाही. अशा घरातली बाई कोणत्या चौकटीत बसते? तिच्या ओसरीवर तासभर बसून, ट्रंकेतला तो कागद उलगडून पाहिलेल्या विद्यार्थ्याला तिसरी चौकट आखावी लागेल हे कळते. टेबलामागे बसलेल्या तज्ज्ञाला ते कसे कळावे? एक दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत पाण्याच्या वेळी गेलात तर कुणी बोलणार नाही, हेसुद्धा कोणत्या ग्रंथात लिहिलेले आहे?

आता ‘शिकाऊ’ या शेऱ्याकडे वळू. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत मुसी नदीकाठच्या घरांवर सरकारी पथकांनी तांबड्या रंगात ‘आरबी-एक्स’ अशी अक्षरे लिहिली. ‘आरबी’ म्हणजे ‘रिव्हर बेड’, नदीपात्र; त्यातली घरे हटवायची होती. पुनर्वसनासाठी दोन शयनखोल्यांची घरे देऊ केली होती, हे नोंदवलेच पाहिजे. तरीही चादरघाटपासून अनेक वस्त्यांत लोक रस्त्यावर उतरले. १९०८ च्या महापुराची आठवण बाळगणाऱ्या या शहरात नदीला जागा हवी, हे कुणी नाकारत नाही. पण ज्याच्या दारावर अक्षरे उमटली, त्याला आधी विचारले गेले होते का? ती पथके शिकाऊ नव्हती. मग धोका अननुभवात आहे की न विचारण्यात?

रहिवासी प्रश्नांना विटतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यांना वीट येतो तो उत्तरे नेऊन परत न येणाऱ्यांचा, आणि सोबती संस्था हवी ती नेमकी याचसाठी. विद्यार्थी सत्रागणिक बदलतात. संस्था वर्षानुवर्षे तिथेच असते. एका तुकडीने काढलेला नळांचा नकाशा पुढच्या तुकडीला तिच्याकडून मिळतो, चूक निघाली तर बस्ती तिलाच जाब विचारते. ‘चार महिन्यांत काय होणार’ या हिशेबात संस्थेची ही वर्षे धरलेलीच नाहीत.

राहिला पक्षपाताचा मुद्दा. मुंबईत १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेने पदपथावरच्या कुटुंबांची गणना केली, तेव्हा तिची बाजू कुणापासून लपलेली नव्हती. तरी पदपथावरची माणसे आज आली, उद्या जाणार, हा सरसकट समज त्या गणनेपुढे टिकला नाही. बाजू असणे हा दोष नव्हे, आकडे तपासू न देणे हा दोष. म्हणून हैदराबादच्या विद्यापीठांनी एक अट घालावी: नकाशा तेलुगू आणि उर्दूत बस्तीच्या हाती पडल्याशिवाय, आणि तिथल्या बैठकीत तो वाचून दुरुस्त झाल्याशिवाय, विद्यार्थ्याला गुण देऊ नयेत. आक्षेप घेणाऱ्यांनी ही अट मागितली असती, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्यांनी मागितली ती बंदी.