डबा, डाख आणि टाकी

इतिहासावरचे व्याख्यान म्हटल्यावर तख्त, तह आणि तलवार ह्यांची अपेक्षा ठेवून आपण येथे आला असाल, तर आज थोडी निराशा पदरी येण्याचा संभव आहे. माझा विषय आहे मोटारसायकलची पेट्रोलची टाकी. आणि तीही कारखान्यातून गाडीबरोबर आलेली नव्हे, तर मूळची सडल्यावर किंवा चेपल्यावर बाजारातून आणून बसवलेली, जिला गॅरेजवाले 'बाहेरची टाकी' म्हणतात ती. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावच्या रस्त्यावरून नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेट चालवीत जाणाऱ्या महिलांचे आपण कौतुक करतो. सगळ्यांची दृष्टी नथीकडे आणि फेट्याकडे जाते. त्यांच्यासमोर, तापलेल्या इंजिनावर हातभर अंतरावर, दहा-बारा लिटर पेट्रोल डुचमळत असते, तिकडे कोणी पाहत नाही. ते पेट्रोल गळत का नाही, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, आणि त्याचे उत्तर शोधू लागले की माणूस मोटारसायकलच्याही मागे जाऊन पोचतो.

सुरुवात लालबागपासून करावी लागेल. तेथल्या गॅस कंपनी लेनचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे, पण ती कंपनी कसली हे आता पुष्कळांना सांगावे लागते. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले ते 1865 साली. दगडी कोळशापासून केलेला गॅस साठवण्याची जी प्रचंड लोखंडी पिंपे त्या काळी असत, त्यांची रचना मोठी मौजेची होती. पाण्याने भरलेल्या हौदात एक पिंप उपडे घातलेले असे. गॅस भरला की ते वर चढे, खर्च झाला की खाली बसे. सांधा पाण्याचाच! ना रबर, ना लाख, ना डाख. वायू बाहेर पडू न देण्याचे काम कडेचे पाणी करी. ह्या गॅसलाइटवरूनच आपला 'घासलेट' हा शब्द आला असे मानतात. गॅसच्या दिव्याचे नाव पुढे तेलाला चिकटले.

ते तेल मात्र पाण्याच्या सांध्याने अडत नव्हते. अमेरिकेतून येणारे रॉकेल सुमारे चार इंग्रजी गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून, एका लाकडी खोक्यात दोन डबे अशा हिशेबाने, बोटीने येई. 1892 साली मार्कस सॅम्युएल ह्या लंडनच्या व्यापाऱ्याने 'म्युरेक्स' नावाची टाकीबोट सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवली आणि रशियाचे तेल सुटे आणण्यास प्रारंभ केला. सुटे तेल स्वस्त पडेल, गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येईल, अशी त्याची समजूत होती. गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता, हे त्याच्या लक्षात आले नव्हते! आशियातल्या गरिबाच्या घरी रिकामा डबा म्हणजे घागर, कोठी, माप आणि वेळप्रसंगी छप्परसुद्धा. शेवटी सॅम्युएलला विलायतेहून पत्रा पाठवून पूर्वेकडेच डबे करण्याची सोय करावी लागली, आणि प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या डब्यांसमोर त्याचे लाल डबे झळकू लागले. पुढे जी शेल कंपनी जगप्रसिद्ध झाली, तिच्या पायाशी हा डबा आहे, हे शेअरबाजारातल्या मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

डबा आला तसा डबा झाळणाराही आला. मुंबईत टिनवाला हे आडनाव आजही आढळते. कथील, शिसे आणि नवसागर एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा. त्यातले रहस्य असे की, कथील वितळते 232 अंशांना, शिसे वितळते 327 अंशांना. पण त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसे असे मिश्रण केले तर ते 183 अंशांनाच पाण्यासारखे पातळ होते. दोघेही एकेकटे असताना जितके हट्टी, तितके एकत्र आल्यावर राहत नाहीत. नवसागर पत्र्यावरचा गंज खातो, पत्रा उघडा पडतो, आणि तापल्या तांब्याच्या टोकाने ओढलेला डाख फटीत आपोआप शिरतो. तांबट, कासार आणि कल्हईवाले ह्यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पत्रा नवा, हात जुनेच.

मोटारसायकल ह्या हातांत येऊन पडली तेव्हा तिची टाकी म्हणजे खरोखर एक चपटा डबाच होता. सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये तो टांगलेला असे, त्याचे सांधे बहुधा डाखाचेच असत, आणि तो गळू लागला तर रॉकेलचा डबा झाळणाऱ्याला टाकी झाळण्यात विशेष अवघड असे काही नव्हते. 1928 च्या आसपास इंग्लंडातल्या कारखान्यांनी नळीवर खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरणारी टाकी घालण्यास सुरुवात केली. दिसायला ती फार देखणी. पण तिच्या पोटातून सांगाड्याची नळी जाते, तेथे खाच पडते, आणि त्या खाचेच्या दोन्ही कडांना शिवण येते. फटफटीचे एक सिलिंडर मिनिटाला हजारो धक्के देते ते थेट त्या शिवणीवर. डाख मऊ धातू. तो गळती थांबवतो पण धक्का सोसत नाही. तेव्हा शिवणीला वेल्डिंग किंवा पितळी झाळ आणि बारीक छिद्राला डाख, असा कामाचा निवाडा ठरला. चांगला कारागीर अजून ह्या निवाड्याबाहेर जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या, आणि पुढे परदेशी मालाच्या आयातीवर बंधने आली. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली, 1961 साली म्हैसूरहून जावा बाहेर पडू लागली. तरी जुन्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस गाड्यांचे सुटे भाग येणार कोठून? जो तुटवडा मोटारवाल्यांचा शाप, तोच पत्रेवाल्यांचा पावसाळा ठरला. ऑपेरा हाऊसच्या आसपासची सुट्या भागांची दुकाने, नागदेवी स्ट्रीटवरचे वॉशर आणि पॅकिंग, चोर बाजारातला जुना माल ह्या तीन ठिकाणांच्या फेऱ्यांत मुंबईची कित्येक जुनी वाहने जिवंत राहिली. परळ-लालबागला तर गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने, त्यामुळे वाफेचा सांधा बांधण्यात आयुष्य गेलेले फिटर घरोघरी. पॅकिंग कोठे तागाचे, कोठे शिशाचे, कोठे ग्रॅफाइट चोळलेल्या दोरीचे घालावे, हे ज्याला कळते त्याला पेट्रोलचा कॉक बसवणे म्हणजे पोरखेळ. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, तेव्हा कापडाबरोबर असे ज्ञानही बाहेर फेकले गेले. त्याची किंमत कोणी कोठल्या पुनर्वसनाच्या हिशेबात धरली, असे दिसत नाही.

आता बाहेरची टाकी बसवायची म्हणजे काय करायचे? आपल्याकडे 'दोन बोल्ट आवळले की झाले' अशी समजूत आहे, आणि ती समजूतच टाकी फोडते. टाकी सांगाड्याला लोखंडावर लोखंड अशी कधी आवळू नये; मध्ये रबर हवे, आणि बोल्ट त्या रबराला चिरडणारा नसावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते टाकीला लागत नाही ना, केबल चेपत नाही ना, हे पेट्रोल भरण्यापूर्वी पाहावे. मग कॉक. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे पाव इंची ब्रिटिश पाइपाच्या मापाचे. बाहेरच्या टाकीचे पुष्कळदा मिलिमीटरचे. दोन फेरे जातात म्हणून तो कॉक तिचाच, असे समजून तिसरा फेरा जोराने मारला की आटा गेला. अशा आट्यावर किलोभर लेप थापला तरी टाकी गळणारच. लेप फट भरतो, चुकीचे माप दुरुस्त करत नाही.

आणि झाकण? टाकी पूर्णपणे बंद केली तर गाडी चालत नाही. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत यावी लागते; झाकणाचे बारीक छिद्र रंगाने किंवा मळाने बुजले की भरल्या टाकीची गाडी काही अंतरावर बंद पडते, झाकण उघडले की पुन्हा सुरू होते. कित्येक कार्बुरेटर ह्या छिद्रापायी विनाकारण उघडले गेले आहेत.

एका गोष्टीवर मला जरा थांबले पाहिजे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ह्याच वसंतात अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या प्रलयाशी एका टाकीची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण रिकामी टाकी निरुपद्रवी असते हा भ्रम मात्र ह्या आठवड्यात दूर करण्याजोगा आहे. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा सुमारे 1.4 ते 7.6 ह्या प्रमाणात असली तरच ती पेट घेते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. जी 'सुकली आहे' असे म्हणून झाळायला घेतली, तिच्यात मात्र हे प्रमाण नेमके जमून येते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, त्यामुळे झाकण उघडे ठेवून ती निघून जात नाही. तळाशी दबा धरून बसते. म्हणून जुने कारागीर टाकी सोड्याच्या उकळत्या पाण्याने पुनःपुन्हा धूत, आणि मग झाळायची जागा वर येईल अशी धरून ती पाण्याने भरीत. हवेला उरे ती बोटभर जागा, आणि झाकण उघडे. गॅस कंपनीच्या पिंपातले पाणी येथे पुन्हा कामाला आले. चार फुटांच्या गाळ्यात, डोक्यावर पोटमाळा, पोटमाळ्यावर निजलेली पोरे, अशा ठिकाणी हे पाणी भरण्याचा कंटाळा करणारा माणूस स्वतःपुरताच मरत नाही.

छिद्रे पुष्कळ झाली की झाळणे परवडत नाही. मग टाकी आतून लेपतात. आत साखळी किंवा नटबोल्ट घालून खळखळवायचे, फॉस्फोरिक आम्लाने गंज काढायचा, धुवायचे, पूर्ण सुकवायचे, आणि एपॉक्सीचा लेप ओतून टाकी सर्व बाजूंनी फिरवायची. सगळी मेख त्या 'पूर्ण सुकवायचे' ह्या दोन शब्दांत आहे. मुंबईच्या जुलै महिन्यात हे शब्द उच्चारणेसुद्धा धाडसाचे! ओल राहिली तर लेप वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

एपॉक्सीपूर्वी आट्यांवर आणि कागदी पॅकिंगवर लाख लावीत. लाख आपल्या देशाची. बांगडीत तीच, राजपत्राच्या थैलीवरच्या मोहरेत तीच, आणि लाक्षागृहाची कथा तर पोराटोरांना ठाऊक आहे. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ती मेकॅनिकच्या खिशात जाऊन बसली. पण लाख मद्यार्कात विरघळते. किंबहुना मद्यार्कात विरघळवूनच ती लावायची असते. आणि नेमका मद्यार्कच आता आपल्या पेट्रोलमध्ये आला आहे. कल्पना नवी नाही. 1948 सालीच आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. मात्र उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल शेकडा 20 मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले ते 2023 नंतर. त्याने जुनी लाख सुटते, काही जातींचे रबर फुगते, फायबरच्या टाक्यांतले हलके राळ मऊ पडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि मद्यार्क एकत्र होऊन खाली बसतात, आणि टाकी तळातूनच सडू लागते. ऊस पिकवणाऱ्या ह्या महाराष्ट्रात इथेनॉलला नावे ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि तसा माझा हेतूही नाही. पण शंभर वर्षे ज्या द्रवासाठी सांधे बांधले तो द्रव बदलला, तर सांधा बांधणाऱ्याला ते कोणीतरी सांगायला हवे होते. गाडीवाल्याला पंपावरच्या पाटीवरून कळले, गाळ्यातल्या कारागिराला गळक्या टाकीवरून.

1 एप्रिल 2020 पासून नव्या मापदंडांच्या गाड्या आल्या. त्यांच्या टाकीच्या पोटातच विजेचा पंप असतो. पूर्वी पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे, आता ते दाबाने ढकलले जाते. अशा गाडीला बाहेरची टाकी बसवणे म्हणजे डबा बदलणे राहिलेले नाही. आतल्या लेपाचा एक पापुद्रा सुटला तरी पंपाची जाळी तुंबते. नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल मोटार वाहन कायद्यालाही मान्य नाहीत. तेव्हा हा सगळा खटाटोप जुन्या गाड्यांपुरता समजावा.

अशी जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एक काम करावे. कॉकची नळी सोडून पावशेर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढावे, बूच लावून विस्तवापासून दूर ठेवावे आणि तासाभराने पाहावे. एकच रंग दिसला तर टाकी काठाजवळ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत जागा राहणार नाही. तळाशी दुसरा थर दिसला, तर टाकी उतरवून कारागिराकडे न्यावी, आणि तो ती पाण्याने भरतो की नाही ते उभे राहून पाहावे.