प्रोलॅक्टिन

प्रोलॅक्टिन : मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागातून स्रवणारे १९९ अमिनो आम्लांचे संप्रेरक. बाळंतिणीच्या अंगावर दूध आणणे हे त्याचे मुख्य काम. १९२८ साली स्ट्रासबुर्ग येथे सशांवरील प्रयोगांत त्याचा छडा लागला. माणसातले प्रोलॅक्टिन वृद्धिसंप्रेरकाहून निराळे आहे, हे मात्र १९७०च्या सुमारासच स्पष्ट झाले.

मेंदूतले डोपामाइन हा स्राव सतत दाबून ठेवते. तो दाब सुटला की पातळी चढते. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना ती चढणारच. एरवी चढली, तर आधी गोळ्या पाहाव्यात. पित्तावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलांत डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते, आणि दोन्ही डोपामाइनला अडवतात. मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोनही तसेच. मंदावलेले थायरॉइड आणि पीयूषिकेतली प्रोलॅक्टिनोमा ही गाठ (कर्करोगाची सहसा नसते) ही आणखी कारणे.

वाढीमुळे पाळी लांबते किंवा थांबते, दिवस राहत नाहीत, बाळंतपण नसताना दूध येते. लग्न न झालेल्या मुलीला असे झाले की घरात आधी कुजबुज सुरू होते आणि डॉक्टर मागाहून आठवतो. दोष ग्रंथीचा असतो, मुलीचा नव्हे. पुरुषांत कामेच्छा मंदावते. ते लाजेपोटी बोलत नाहीत, तोवर गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि दोन्ही कडांचे दिसेनासे होते. पुण्याजवळच्या चाकणच्या रहदारीत दुचाकीस्वाराला बाजूने येणारा कंटेनर दिसला नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

प्रोलॅक्टिन झोपेत वाढते, मग ती झोप रात्रीची असो वा दिवसाची. भोसरी-चाकणकडे रात्रपाळी करून दुपारपर्यंत झोपलेल्या कामगाराने उठल्या उठल्या रक्त दिले, तर आकडा फुगलेला येऊ शकतो. ‘सकाळचे सॅम्पल’ हा नियम दिवसपाळीवाल्यांचा. रात्रपाळीवाल्याने जाग आल्यापासून दोन-तीन तास मोजावेत. सुईच्या धास्तीनेही पातळी थोडी चढते. गरोदर नसलेल्या स्त्रीत साधारण २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत ठीक; किंचित जास्त आल्यास तपासणी पुन्हा करावी. २००च्या वर गाठीचा संशय बळावतो.

आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनने बहुतेक गाठी आकसतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि कोणती पाळी करून आलो तेही सांगावे. मानसिक आजारावरची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.