कोष्ठ : हिमालयातल्या एका मुळीचा व्यापार आणि ऱ्हास

काष्ठौषधींच्या दुकानात कोष्ठकोळिंजन मागितले की दुकानदार दोन वेगवेगळ्या मुळ्या पुढे करतो. कोळिंजन हे आल्याच्या कुळातले, दमट हवेत येणारे झाड. कोष्ठाचा मुलूख अगदीच वेगळा. काश्मीरच्या उत्तरेला किशनगंगेचे खोरे आणि चिनाबच्या वरच्या अंगाचे डोंगर, तेही सुमारे अडीच ते पावणेचार हजार मीटर उंचीवर, जिथे जंगल विरळ होऊन कुरणे सुरू होतात. काश्मीरमध्ये त्याला कुठ म्हणतात, गुजरातेत आणि औषधांच्या घाऊक बाजारात उपलेट. सूर्यफुलाच्या कुळातले हे झाड माणसाच्या उंचीचे होते. पाने रुंद, कडा खरबरीत, आणि देठाच्या टोकाशी काळपट जांभळ्या फुलांचे बोंडासारखे गेंद. हिवाळ्यात वरचा सगळा भाग वाळून जातो आणि बर्फाखाली मुळी तेवढी जिवंत राहते. बाजाराला हवी असते ती हीच मुळी.

वाळलेली मुळी राखट तपकिरी, सुरकुतलेली आणि उभ्या कण्यांची असते. मोडली की आत फिकट गाभा आणि मध्यापासून कडेकडे गेलेल्या रेषा दिसतात. पहिला वास गोड, जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या जवळ जाणारा. थोडा वेळ हातात ठेवली की त्याखालून न धुतलेल्या केसांसारखा उग्र दर्प वर येतो. दोन्ही वासांना गिऱ्हाईक होते. देवळातल्या धुपाला पहिला चालायचा, आणि जड अत्तरे बांधणाऱ्यांना दुसराच हवा असायचा.

या मुळीचा व्यापार लिखित इतिहासाइतका जुना आहे. अथर्ववेदात कोष्ठावर स्वतंत्र सूक्ते आहेत. हिमवंतावर जन्मलेली, ज्वर घालवणारी वनस्पती म्हणून तिला साद घातलेली आहे, आणि उत्तरेच्या पर्वतातून पूर्वेकडच्या लोकांकडे ती नेली जाते, असाही उल्लेख तिथे येतो. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत ती आहे. दशांग लेपाच्या दहा द्रव्यांतले एक कोष्ठ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सिंधूच्या मुखावरचे बार्बरिकम आणि नर्मदेच्या मुखावरचे बारिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या दोन्ही बंदरांतून कोष्ठ जहाजांवर चढत असल्याची नोंद आहे. रोमन लोक ते उटण्यांत आणि धुपात वापरत. प्लिनीने त्याचे काळे आणि पांढरे असे दोन प्रकार सांगितले आहेत. अरबांच्या वैद्यकात ‘कुस्त-ए-हिंदी’ला मानाचे स्थान होते, तर चिनी वैद्यकात आणि देवळांत ते ‘मू श्यांग’ या नावाने पोहोचले.

माल जगभर फिरत होता, पण तो कोणत्या झाडाचा हे युरोपातल्या पंडितांना एकोणिसाव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हते. अठराव्या शतकात लिनियसने ‘कॉस्टस’ हे प्राचीन नाव आल्याशी नाते सांगणाऱ्या एका भलत्याच वंशाला देऊन टाकले. कोकणात पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी बहरणारा पेवा याच वंशातला मानला गेला, आणि रोमनांचे कोष्ठ म्हणजे हाच पेवा असावा असे पुष्कळ दिवस समजले जात होते. पेव्याच्या कंदाला तसला सुवास नाही, ही साधी अडचण होती. फ्रेंच निसर्गसंशोधक व्हिक्टर जॅकमाँ 1831 मध्ये काश्मीरात हिंडला. पुढच्याच वर्षी मुंबईत तो वारला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या वनस्पतींवरील खंडात देकेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोष्ठाच्या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले, मात्र हेच ते जुने सुगंधी मूळ ही ओळख पटवली ती दुसऱ्याने. ते काम सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर यांनी केले. 1838 च्या सुमारास ते काश्मीरात होते. झाड कोणते, ते खणून कुठे पाठवतात, चीनमध्ये त्याचे काय होते, काश्मिरी आणि अरबी नावे कशी जुळतात, असे दुवे जोडत त्यांनी हा गुंता सोडवला आणि गव्हर्नर जनरल ऑकलंडच्या नावावरून झाडाला ‘ऑकलंडिया’ हे नाव दिले. नंतर ते ‘सॉसुरिया’ वंशात गेले, अलीकडे काही जण त्याला ‘डोलोमिया’त घालतात, काही पुन्हा ऑकलंडियाकडे वळले आहेत. नावांचा हा खेळ अजून संपलेला नाही.

फाल्कनरच्या टिपणातला व्यापाराचा हिशेब झाडाच्या ओळखीपेक्षाही मोलाचा आहे. त्यांच्या अंदाजाने काश्मीरच्या डोंगरांतून वर्षाला सुमारे 20 लाख पौंड, म्हणजे नऊ लाख किलोच्या आसपास, मुळी निघत असे. ती बैलांवर लादून पंजाबात उतरे. तिथून मोठा हिस्सा मुंबईला येई आणि मुंबईहून तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि चीन इकडे जाई. उरलेला कलकत्त्याला ‘पुचुक’ या नावाने विकला जाई आणि तिथूनही बराचसा चीनलाच. काश्मीरात खणून गोळा करायला जो खर्च येई त्याच्या कितीतरी पट भाव माल यमुनेकाठच्या जगाधरीला पोहोचेपर्यंत चढलेला असे. डोंगरात मुळी खणणाऱ्याच्या हाती त्यातले काय पडत असेल, हे वेगळे सांगायला नको. एका झाडाची वाळलेली मुळी चांगली पाव किलोची धरली तरी या हिशेबाने दरसाल छत्तीस लाख झाडे उपटली जात होती.

आणि उपटलेले झाड पुन्हा येत नाही. हिरडा-बेहड्याचे फळ वेचले तर झाड राहते. कोष्ठाचे मूळ हाच माल असल्याने तोडणी म्हणजे झाडाचा शेवट. फुलायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात आणि बी भाद्रपदाच्या आसपास तयार होते. बी गळून पडल्यावर खणले तर निदान पुढची पिढी जमिनीत राहते. पण मोकळ्या डोंगरात, जो आधी पोहोचला त्याची मुळी, तिथे बी पडायची वाट पाहणारा हात रिकामाच राहणार.

1846 नंतर काश्मीर डोगरा राजघराण्याकडे आले आणि कोष्ठ ही दरबारची मक्तेदारी झाली. जमाबंदीसाठी नेमलेले वॉल्टर लॉरेन्स यांनी 1895 च्या ‘व्हॅली ऑफ काश्मीर’ या ग्रंथात या मुळीचा चिनी देवळांतल्या धुपासाठी होणारा व्यापार आणि कापडाला कसर लागू न देण्याचा तिचा गुण दोन्ही नोंदले आहेत. शालीच्या गठ्ठ्यांत तिचे तुकडे घालण्याची रीत जुनीच होती. पुढे 1921 मध्ये, संवत 1978 च्या तारखेने, दरबाराने खास ‘कुठ कायदा’ केला. एका रानटी वनस्पतीसाठी स्वतंत्र कायदा ही त्या काळात दुर्मिळ गोष्ट, आणि म्हणून संवर्धनाच्या इतिहासात तो कधीकधी कौतुकाने सांगितला जातो. कौतुक जरा जपून करावे. कायद्याचा रोख चोरटी खणाई आणि चोरटा व्यापार यांवर होता. सरकारी परवान्याने किती खणावे, कोणता डोंगर किती वर्षे मोकळा ठेवावा, याची चिंता त्यामागे फारशी नव्हती. राखले जात होते ते उत्पन्न. मक्तेदारीमुळे भाव चढला आणि चढ्या भावाने चोरीला उत्तेजन दिले, हाही त्याचाच एक परिणाम.

या मक्त्याला खरा तडा गेला तो पलीकडच्या लाहौलमधून. तेव्हा हे खोरे ब्रिटिश पंजाबात मोडत होते, काश्मीरचा कायदा तिथे चालत नव्हता. 1920 च्या दशकात केलाँगच्या आसपासच्या शेतांत कोष्ठ लावायला सुरुवात झाली. तीन हजार मीटर उंचीचे, पावसाच्या छायेतले, त्या काळी वर्षातून पाच-सहा महिने बर्फाने जगापासून तुटणारे हे खोरे. तिथे सातू आणि काठू या धान्यांपलीकडे विकण्याजोगे काही पिकत नव्हते. कोष्ठाला ही हवा मानवली. बी पेरायचे, हिमनदीच्या वितळत्या पाण्याचे पाट, ज्यांना तिथे कूल म्हणतात, शेतात वळवायचे आणि तिसऱ्या वर्षी बर्फ पडायच्या आत मुळ्या खणायच्या. त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करून वाळवायचे आणि माती झाडून पोत्यांत भरायचे. रोहतांगवरून मोटाररस्ता होण्याआधी ही पोती जनावरांच्या पाठीवर घाट ओलांडून कुलूला उतरत. माल हलका, न सडणारा आणि वजनाच्या मानाने महाग. दुर्गम मुलखाला याहून सोयीचे पीक मिळणे कठीण. दोन दशकांत लाहौलच्या घरांत पैसा आला. बटाटा, हॉप्स आणि वाटाणा यांनी या खोऱ्याचे नाव पुढे केले, पण रोख पिकाची सवय त्याला कोष्ठाने लावली.

ही भरभराट एकाच गिऱ्हाइकावर उभी होती. 1949 नंतर चीनचा बाजार पूर्वीसारखा राहिला नाही. शिवाय भारतातून गेलेल्या बियाण्यावर युनानच्या डोंगरात चिनी शेतकरी स्वतःच कोष्ठ पिकवू लागले होते. तिथल्या मालाला ‘युन मू श्यांग’ असे स्वतंत्र नाव पडले आणि आज जगाच्या बाजारात मोठा वाटा त्याचाच आहे. अत्तराच्या धंद्यातही वाट बंद झाली. कोष्ठाच्या तेलाने कातडीला तीव्र ॲलर्जी होते असे दिसून आल्यावर सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचा वापर वर्ज्य ठरवला. लाहौलच्या शेतकऱ्याने मग हिशेब केला: तीन वर्षे शेत अडकवून अनिश्चित भावाची मुळी काढण्यापेक्षा दर हंगामाला वाटाणा बरा.

रानातले झाड मात्र या सगळ्यात मोकळे झाले नाही. देशातल्या औषध कारखान्यांची मागणी होतीच, आणि लागवडीचा माल कमी पडला की पुन्हा डोंगराकडे नजर जाई. कोष्ठात पुष्करमूळ या दुसऱ्या मुळीची भेसळ करणे हाही या धंद्यातला जुना उद्योग. 1975 मध्ये धोक्यातल्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कोष्ठाचा समावेश झाला आणि 1985 मध्ये ते पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेले. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी जी सहावी अनुसूची जोडली, तिच्यात अवघ्या सहा नोंदी होत्या, आणि त्यांत घटपर्णी व निळ्या वांडा ऑर्किडच्या पंगतीला कोष्ठ बसले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

कायद्याची एक अडचण जाग्यावरच आहे. लागवडीच्या मालाला दाखल्यासह निर्यातीची मुभा आहे, रानटी मालाला नाही; पण पोत्यातला वाळका तुकडा शेतातला की डोंगरातला हे डोळ्यांनी सांगता येत नाही. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने शेत पाहिले असेल तरच त्या कागदाला अर्थ. त्यातून शेतकऱ्यालाही जाच होतो: स्वतः पेरलेले पीक विकायला त्याला रानचोर नसल्याचा पुरावा गोळा करावा लागतो. आधीच भाव पडलेल्या पिकाला हा कागदपत्रांचा भार जड गेला. रान वाचवायला केलेल्या नियमाने रानाला पर्याय असलेली शेती काही अंशी मोडली, हे मान्य करायला हवे.

आता खणाईच्या जोडीला हवामानाचे संकट आहे. हिमालयाचे तापमान वाढते आहे, बर्फ कमी दिवस टिकते आणि लवकर वितळते. कोष्ठासारख्या झाडाचे वर्षाचे गणित बर्फावर बसलेले आहे: बर्फाची जाड दुलई मुळीला कडाक्यापासून राखते आणि वितळताना कोंबाला पाणी पुरवते. उष्णता वाढली की अशा वनस्पती वरच्या थंड उतारांकडे सरकतात, खालून झुडपे आणि वृक्ष त्यांची जागा घेतात. परंतु डोंगर वर जाताना निमुळता होतो, माती पातळ होते, आणि सरकायला आधी बी पडावे लागते. जिथे बी धरण्याआधीच मुळ्या निघतात तिथे हे स्थलांतर होणार कसे? उन्हाळी कुरणांवर गुज्जर-बकरवालांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरत आले आहेत. त्या चराईला दोष देणे सोपे असते, मात्र कोष्ठाचा ऱ्हास बाजाराने झाला, शेळ्यांनी नव्हे. विरळ झालेल्या झाडांना आता खुरांचा मारही सोसवत नाही, एवढे खरे. वर नवे रस्ते आहेत, आणि झाडाच्या मूळ मुलखातून, किशनगंगेच्या खोऱ्यातून, नियंत्रण रेषा जाते. तिथल्या कित्येक उतारांवर वनस्पतिशास्त्रज्ञाला सर्वेक्षणासाठी पाय ठेवणेही अवघड.

जतनाचे प्रयत्न म्हणून बहुतेक मुलखाबाहेरच झाले. पालमपूरची हिमालयीन जैवसंपदा संस्था, गढवालमधल्या श्रीनगरचे उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र, अल्मोड्याजवळची गोविंद वल्लभ पंत संस्था अशा ठिकाणी हिमालयातल्या औषधी वनस्पतींची रोपे तयार करणे, ऊतिसंवर्धन आणि शेतकऱ्यांना बियाणे पुरवणे ही कामे होत आली आहेत. लाहौलमध्ये आणि उत्तराखंडातल्या उंच गावांत थोडीफार लागवड टिकून आहे. त्यामुळे कोष्ठ ही जात पृथ्वीवरून नाहीशी होण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती रानातल्या वाणाची. शेतातले बियाणे मूळच्या थोड्या झाडांपासून वाढवत आणलेले असते आणि दरवेळी जाड मुळीकडे पाहून निवडलेले असते. वेगवेगळ्या उतारांवरच्या झाडांत थंडी, कोरड आणि कीड सोसण्याचे जे फरक असतील ते त्यात उतरलेले नसतात. म्हणून काश्मीरात कोष्ठ पुन्हा लावायचे असेल तर उरलेल्या रानटी ताटव्यांचे बी गोळा करून, त्याच खोऱ्यातल्या रोपवाटिकेत वाढवून, त्याच उतारांवर लावावे लागेल आणि झाडे बी धरीपर्यंत निदान तीन-चार वर्षे त्यांची राखण करावी लागेल. ती राखण उन्हाळ्यात वर राहणाऱ्या मेंढपाळ आणि मुळ्या खणणाऱ्या कुटुंबांवाचून होणार नाही, कारण ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत त्या उंचीवर दुसरे कोणी नसते.