लिम्बुर्गच्या मनोऱ्यांचा रंग

मध्ययुगीन युरोपातील चर्च म्हटले की उघड्या, करड्या दगडांची एक गंभीर वास्तू आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ही प्रतिमा मध्ययुगाने आपणांस दिलेली नाही. पुष्कळ अंशी ती एकोणिसाव्या शतकाच्या अभिरुचीची निर्मिती होय. जर्मनीत लाह्न नदीकाठच्या खडकावर उभ्या असलेल्या लिम्बुर्गच्या सात मनोऱ्यांच्या कॅथीड्रलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या वास्तूचे बांधकाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि १२३५ साली तिची प्रतिष्ठापना झाली. तिच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या असून त्या तशाच दिसाव्यात, असा बांधणाऱ्यांचा हेतू नव्हता. त्यांवर चुन्याचा गिलावा होता आणि पांढऱ्या पृष्ठभागावर तांबड्या व पिवळ्या रंगांनी कमानी, स्तंभ व पट्टे उठविलेले होते. रंग हा येथे वरून चढविलेला अलंकार नव्हता. वास्तूची रचना डोळ्यांना वाचता यावी, यासाठी तो आवश्यक होता.

१८६६ साली हा प्रदेश प्रशियाच्या ताब्यात गेला आणि १८७२-७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीत बाहेरील गिलावा काढून टाकण्यात आला. खडकातूनच उगवल्यासारखी दिसणारी नग्न पाषाणवास्तू हीच खरी, अशी त्या काळच्या रोमँटिक मनाची धारणा होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षे लोकांनी हेच रूप पाहिले. १९६४ साली प्रचारात आलेल्या हजार मार्कांच्या नोटेवरही हे कॅथीड्रल झळकले. अखेर १९६८ ते १९७२ या काळात, बचावलेल्या गिलाव्याच्या अवशेषांवरून मूळ रंगयोजना निश्चित करून ती पुन्हा साकार करण्यात आली.

येथे ‘मूळ’ या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. दगड हा कालक्रमाने आधीचा, म्हणून तो मूळ, असा गिलावा काढणाऱ्यांचा तर्क होता. परंतु हस्तलिखिताची शाई पुसून कोरा कागद हाच मूळ ग्रंथ, असे कोणी म्हणत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती उपलब्ध पाठांच्या आधारे. लिम्बुर्ग येथील अवशेषांचे मोल अशा जुन्या पाठांसारखेच आहे. आजचा रंग विसाव्या शतकातील हातांनी दिलेला आहे, हे खरे. तथापि तो पुराव्यातून सिद्ध झालेला पाठ आहे, तर उघडा दगड हा पुरावा नष्ट करून मिळविलेला पाठ होता.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणार्थ संस्था स्थापिली, तिला ‘खरवडविरोधी’ असे टोपणनाव मिळाले, ते अशाच प्रवृत्तीमुळे.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. जुने गोवे येथील बॉम जेझू बासिलिकेचा बाह्य गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढण्यात आला. सच्छिद्र जांभा तेव्हापासून कोकणपट्टीचा पाऊस झेलीत आहे. आणि तेच तांबूस रूप पाहणाऱ्यांस आज मूळ वाटते. गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर अलीकडच्या वर्षांत वादही झाला आहे. त्याचा निर्णय डोळ्यांच्या सवयीवर सोपवू नये, एवढा बोध लिम्बुर्गच्या इतिहासातून निश्चित घेता येतो.